बुवांचा खोकला

घोडपदेवच्या आमच्या चाळीत आजारी माणसाला बघायला येणारे लोक दाराबाहेर चपला काढतात आणि चपलांबरोबर अक्कलही काढून ठेवतात. बुवा हॉस्पिटलातून घरी आले त्या आठवड्यात हे मी रोज बघत होते. कोणी सफरचंदं आणली, कोणी अंगारा आणला, आणि खालच्या मजल्यावरच्या रामूने कापडी पिशवीतून जिवंत कबुतर आणलं. त्याची मान इथल्या इथे कापायची आणि गरम रक्त बुवांच्या पायांना चोळायचं, की पाय चालायला लागतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पिशवी हलत होती, तिच्या बुडातून कबुतराची घाण झिरपत होती, आणि रामूने ती बुवांच्या पांघरुणावर ठेवली होती. मी पिशवीला आणि रामूला जिन्यापर्यंत पोचवून आले. मग पांघरूण उकळत्या पाण्यात टाकलं.

बुवा म्हणजे माझा नवरा, तुळशीदास. दिवसा ते रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कामाला होते, पण त्यांची खरी ओळख भजनी बुवा. आमच्या कोकणी लोकांत डबलबारी होते. दोन मंडळं समोरासमोर बसतात, एक बुवा गाण्यातून प्रश्न टाकतो, टोमणे मारतो, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि लोक तीन-चार तास जागचे हलत नाहीत. बुवाच्या मागे पखवाज, टाळ आणि कोरस असतो. बुवाने ओळ टाकली की कोरसने ती उचलायची. गाता गाता बुवाचा दम सुटला, तर समोरच्या मंडळाला कळायच्या आत उचलायची. ज्यांना हे जमतं त्यांना चांगलं मंडळ म्हणतात.

गेल्या जूनमध्ये बुवांना आधी जुलाब झाले, मग पायांना मुंग्या आल्या, आणि चौथ्या दिवशी मानेखालचं काही हलेना. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं असा हा आजार. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, चाळीने लकवा म्हणून मोकळं केलं. एक्केचाळीस दिवस आयसीयूत, त्यातले अठ्ठावीस गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीवर. नसा हळूहळू परत जोडल्या जातात, पण त्याला महिनेच्या महिने लागतात. मी परळच्या एका हॉस्पिटलात चोवीस वर्षं आया आहे, त्यामुळे नळीवरची माणसं मी खूप पाहिली होती. घरचा माणूस नळीवर बघणं वेगळं असतं हे तिथे कळलं.

घरी आल्यावर व्यायाम शिकवायला किर्ती यायची. फिजिओथेरपिस्ट, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, दादरहून स्कूटीवर यायची आणि आल्या आल्या हात धुवायची. एवढ्यावरच मला ती आवडली.

“काकू, पाय येतील. पायांना उशीर झाला तरी चालेल,” ती म्हणाली. “मला काळजी छातीची आहे. छातीचे स्नायू अजून अर्धवट जोडलेल्या नसांवर चालतायत. दहा श्वास, मग विश्रांती. दमले की थांबायचं. घाम गाळून, दात-ओठ खाऊन करायचा व्यायाम इथे चालत नाही, उलट आहे तो स्नायूही थकून बसतो.”

मग तिने मीटर दाखवला. हातभरही नसलेली प्लास्टिकची नळी, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. तोंडाला लावून जोरात खोकायचं आणि काटा कुठे थांबला ते वहीत लिहायचं. त्या दिवशी बुवांचा खोकला एकशे ऐंशीवर थांबला. दोनशे सत्तरच्या पुढे गेला म्हणजे कफ स्वतःचा स्वतः बाहेर टाकता येतो, मग धोका टळला. एकशे साठच्या खाली आला तर वाट बघायची नाही, टॅक्सी करायची आणि हॉस्पिटल गाठायचं. कारण मग कफ आतच साचतो, न्यूमोनिया होतो आणि परत नळी.

“आणि परत नळी बसली, तर या वेळेला ती निघेल की नाही मी सांगू शकत नाही,” किर्ती म्हणाली. बुवा भिंतीकडे बघत होते.

तिने अजून एक गोष्ट शिकवली. कफ अडकलाच तर एकाने तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबायची, छाती भरायची, आणि बुवा खोकले की त्याच क्षणी दुसऱ्याने बरगड्यांच्या खाली पोटावर दोन्ही हातांनी वर ढकलायचं. “क्षण चुकला तर उपयोग नाही,” ती म्हणाली. घरात आम्ही दोघंच. मुलगी लग्न करून गोव्याला गेलेली. दुसरा माणूस कोण, हा प्रश्न तेव्हा मी पुढे ढकलला.

हॉस्पिटलने बुवांना तीन गोळ्यांचं एक यंत्रही दिलं होतं. नळीतून श्वास आत ओढला की गोळे वर चढतात. एक दिवस दुपारी ड्युटीवरून आले तर खोलीत मंडळाची पाच माणसं मांडी घालून बसलेली, आणि कुशाबा ते यंत्र तोंडाला लावून जीव खाऊन फुंकत होता. कुशाबा मंडळाचा पखवाजी, बुवांचा बालमित्र, शेजारच्या चाळीत राहतो. दिवसभर त्याच्या गालात तंबाखू असतो. गोळे फुंकून चढत नाहीत, ओढून चढतात, एवढंही कोणाला कळलेलं नव्हतं. एकाने फुंकायचं, शर्टाला पुसायचं आणि पुढच्याला द्यायचं, अशी पैज चालली होती. बुवा मधोमध उशीला टेकून हसत होते.

“अगो, कोणाचो दम किती तो बघतत,” बुवा मला म्हणाले.

कुशाबाने यंत्र पुढे केलं. नळीच्या तोंडाला तपकिरी लाळेची तार लोंबत होती आणि आतल्या निळ्या गोळ्याला तंबाखूचा कण चिकटला होता. हॉस्पिटलात मी बेडपॅन उचलते, मेलेल्या माणसांच्या नाकात कापूस घालते, तिथे मला कधी ढवळत नाही, कारण तिथे कोणी मुद्दाम घाण करत नाही. मी यंत्र चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पाचही जणांना उठवलं.

“एकाला जरी सर्दी असली ना, तर या माणसाच्या तेराव्याला याच खोलीत भजन करायला यावं लागेल तुम्हाला,” मी म्हणाले. मी गिरगावात वाढलेली, मला मालवणी कळते पण रागात माझ्या तोंडून शाळेतलीच भाषा निघते. ते सगळे खाली मान घालून गेले. बुवा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

किर्तीने मग दुसरं यंत्र आणलं. त्यात स्प्रिंग होती. स्प्रिंग जितकी आवळावी तितका श्वास ओढायला जड. तिने ती आधी अगदी सैल ठेवून दिली आणि सांगितलं, खोकल्याचा आकडा वाढेल तसतशी मी आवळायला सांगेन. सहा आठवड्यांनी तिच्या घरच्या भेटी संपल्या. पुढे रोज सकाळी चहानंतर आकडा लिहायचा आणि रविवारी वहीचा फोटो तिला पाठवायचा, असं ठरलं. मी साडेसहालाच ड्युटीला जायचे, म्हणून सकाळी चहा द्यायला आणि वही-मीटर हातात द्यायला कुशाबा येऊ लागला. तोंड धुऊन येईन आणि मीटरला तोंड लावणार नाही, अशी त्याने गणपतीसमोर शपथ घेतली होती.

डिसेंबरात बॅनरचं प्रकरण झालं. माघी गणपतीला परळच्या मैदानात बारी होती आणि समोर डिलाईल रोडचं मंडळ. त्यांच्या बुवाने कुठल्याशा कार्यक्रमात माइकवरून म्हटलं होतं की घोडपदेवच्या बुवांचा आता फक्त फोटो येतो. ते ऐकल्यापासून आमचे बुवा जेवताना मध्येच थांबायचे. त्यात कुशाबाने बॅनर छापून आणला आणि आमच्या गॅलरीत उलगडला. वर लिहिलं होतं, मृत्यूला हरवून परतलेला आवाज. डाव्या बाजूला फेटा बांधलेले बुवा आणि उजव्या बाजूला आयसीयूतले. उघडं तोंड, अर्धे मिटलेले डोळे, गळ्यात नळी, नळीभोवतीच्या कापसावर पिवळा डाग. भेटीच्या वेळेत कोणीतरी गुपचूप मोबाइलवर काढलेला फोटो तो. आठ फूट बाय चार फूट.

“वयनी, लोक रडतले,” कुशाबा कौतुकाने म्हणाला.

मला त्या बॅनरकडे बघवेना. माणूस शुद्धीवर नसताना त्याचं तोंड उघडं ठेवून काढलेला फोटो चौकात लावायचा, आणि याला प्रेम म्हणायचं. मी बॅनर गुंडाळायला लावला. पण बुवांनी माझा हात धरला.

“अंबे, माका बसूक दे,” ते म्हणाले. “अर्धो तास. एक गजर.”

त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी किर्तीला फोन केला. ती म्हणाली, दोनशे सत्तरच्या वर आठवडाभर टिकले तर अर्धा तास बसू दे, पण आधी नाही. मी बुवांना म्हणाले, “दोनशे ऐंशी करून दाखवा. मग मी स्वतः झब्ब्याला इस्त्री करून देते.” दहा मी माझ्या पदरचे वाढवले होते, सावध म्हणून. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

आकडे वाढायला लागले. एकशे नव्वद, दोनशे, दोनशे पंधरा. नववर्षाला दोनशे चाळीस. वॉर्डातल्या सिस्टरना मी वहीचे फोटो दाखवत फिरले. किर्तीने फोनवरून स्प्रिंग दोन आटे आवळायला सांगितली, मग अजून दोन, आणि दर वेळी मी स्वतःच्या हाताने आवळली.

संध्याकाळी मात्र बुवा गळून गेलेले असायचे. भात अर्धा टाकायचे, चावून दमले म्हणायचे. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. बोलताना तीन शब्दांनंतर थांबायचे. रोगी आडवा होईना, उशा मागायला लागला, की त्याचा अर्थ काय ते पहिल्या वर्षाच्या आयालाही कळतं. मला कळत होतं. पण वहीत दोनशे साठ लिहिलं होतं, आणि मला वहीवर विश्वास ठेवायचा होता. सुट्टीच्या दिवशीही सकाळी मी मासळी आणायला भायखळ्याला जायचे. मीटर स्वतः बुवांच्या तोंडाला धरायला मला पाच मिनिटं लागली असती.

बारी रविवारी होती. तिच्या आधीच्या गुरुवारी माझी दुपारची ड्युटी लागली, म्हणून सकाळी घरी होते. त्या दोघांना हे मी सांगितलं नव्हतं. बुवा उठले तेव्हा मी मजल्यावरच्या नळावर कपडे घेऊन बसले होते. पिळून झाले आणि बादली घेऊन गॅलरीतून येत होते, तोच आमच्या खोलीतून खोकला ऐकू आला. एकच, पण असा दणदणीत की शेजारची प्रिती दारातून डोकावली.

“बुवा सुधारले हां, मामी,” ती म्हणाली.

मी बादली खाली ठेवली. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदराने डोळे पुसले, हसत हसत दार ढकललं, आणि आत कुशाबा मीटर तोंडात धरून उभा होता. बुवा तीन उशांना टेकून बसले होते, मांडीवर वही आणि हातात पेन.

कुशाबाने मीटर तोंडातून काढला. काटा दोनशे पंच्याऐंशीवर होता.

“किती दिवस?” मी विचारलं.

“वयनी, रागावू नकात,” कुशाबा म्हणाला. “पयल्यांदा फक्त एकदा केललंय. बुवांचो आकडो खाली इलो, ते रडाक लागले. मगे मी म्हटलंय, बुवांचो दम सुटलो की आमीच उचलतो मा? चाळीस वर्सा उचलतंय. ह्या काय नवीन?”

“किती दिवस, कुशाबा?”

“दीड म्हयनो,” तो म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, समजूत घालावी तसं म्हणाला, “माका साडेचारशे येतत, वयनी. हळू हळू वाढवूक व्हयो ना, नायतर तुमका कळला असता. दोनशेवर थांबूक लय त्रास जायचो.”

तो मला त्याचे कष्ट सांगत होता. हा माणूस गणपतीची शपथ घेऊन दीड महिना रोज माझ्या घरात बसून बेताबेताने खोकत होता. आणि त्याच्या त्या खोकल्याच्या हिशोबाने मी माझ्या नवऱ्याच्या छातीवरची स्प्रिंग आवळत होते. मला दोघांचीही शिसारी आली. मीटरच्या तोंडाला तंबाखूचा वास मारत होता. मी तो साबणाने धुतला, पुसला आणि बुवांपुढे धरला.

“खोका.”

“अंबे...”

“खोका म्हणते ना.”

ते खोकले. खोकला कसला, घसा साफ केल्यासारखा आवाज. काटा एकशे तीसवर. त्या धक्क्याने आतलं काहीतरी जागचं हललं आणि वर येऊन अडकलं. बुवांनी परत खोकायचा प्रयत्न केला, आवाजच निघेना. घशात घरघर सुरू झाली. त्यांनी माझं मनगट पकडलं. बघता बघता ओठांचा रंग बदलला.

कपाटावरून मास्क आणि हवेची पिशवी मी कशी काढली मला आठवत नाही. बुवांच्या डोक्याशी बसले, हनुवटी वर ओढली, मास्क घट्ट धरला. दोन्ही हात तिथेच अडकले. पोटाशी दुसरा माणूस हवा होता, आणि खोलीत दुसरा माणूस एकच होता. मी त्याला हाकलून देणार होते ती वाक्यं अजून माझ्या तोंडात होती.

“इकडे ये. हात बरगडीच्या खाली. पंजे वरच्या दिशेला. मी तीनदा हवा भरणार, मग हे खोकणार. खोकतील त्याच क्षणी वर दाबायचं. आधी नाही, नंतर नाही.”

“सम कळता माका,” तो म्हणाला. त्याने दोन्ही पंजे बुवांच्या पोटावर ठेवले.

एक, दोन, तीन. बुवांची छाती भरली. मी मास्क उचलला, बुवांनी जोर केला आणि कुशाबाने बरोबर त्याच घटकेला दाबलं. काही आलं नाही. परत भरलं, परत दाबलं. तिसऱ्या वेळेला बुवांच्या तोंडातून कफ बाहेर पडला. हिरवट, दोरीसारखा जाड, कुजका वास मारणारा, मुठीएवढा. तो कुशाबाच्या तोंडावर उडाला आणि त्याच्या मिशीतून खाली ओघळला. तो हलला नाही. “परत,” मी म्हणाले, आणि आम्ही परत केलं, आणि अजून दोनदा केलं. मग बुवांनी आवाज न करता एक श्वास घेतला, मग दुसरा. ओठांचा रंग जागेवर आला.

कुशाबा बाजूला होऊन लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याला तोंड धुवायला सांगितलं आणि मोबाइल उचलला. प्रितीच्या नवऱ्याची टॅक्सी आहे, तो खालीच असतो. पाच मिनिटांत लावतो म्हणाला. मी फाइल, औषधं, चार्जर पिशवीत भरले. परत नळी लागेल की नुसत्या मास्कवर भागेल, हे आता डॉक्टर ठरवणार होते. उगवलेल्या नसांना दीड महिना ओरबाडून आम्ही त्यांचं काय केलं होतं, तेही तेच सांगणार होते. मी बुवांजवळ गेले. ते काहीतरी बोलत होते. मला वाटलं पाणी मागतायत, म्हणून कान जवळ नेला.

“वहीत...” ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. “आजचो... दोनशे पंच्याऐंशी... लिव.” परत थांबले. “आयतवार... आसा.”

माझ्यापलीकडे, मोरीच्या दाराशी उभ्या असलेल्या कुशाबाकडे बघून त्यांनी मान हलवली. त्याने बुवांना साथ द्यावी म्हणून.

पुढच्या श्वासाची खात्री नव्हती, आणि मिळालेला पहिला श्वास त्यांनी यात घातला. मी पेन घेतलं, एकशे तीस लिहिलं, खाली तारीख घातली आणि वही पिशवीत टाकली. त्यांच्या हनुवटीवर, गळ्याच्या व्रणावर अजून कफ होता. पुसायला मी ओलं फडकं उचललं आणि माझा हात पुढे जाईना. चोवीस वर्षं कोणाकोणाचं काय काय पुसलं, पण या एका माणसाला हात लावायची मला किळस आली. मी फडकं कुशाबाकडे दिलं आणि टॅक्सी लागली का बघायला जिना उतरले.